नवसाची छत्री

निकाल मोबाइलवर आला तेव्हा आई मिरची कुटत होती.
नाकाला फडकं, हात कोपरापर्यंत लाल.
मी म्हटलं, दोनशे सत्त्याण्णव.
किती लागतात, तिने विचारलं.
वर्षभर तिला पाठ होतं हे. तरी विचारलं.
तीनशे.
मुसळ एकदा खाली आलं, मग आणखी एकदा,
मग बराच वेळ नुसतं येतच राहिलं.

हायकच्या शाळेतून चारशे बारा जण बसलो होतो.
पास झाले नऊ.
मुख्याध्यापक म्हणाले, नऊ म्हणजे तसं वाईट नाही.
कुणासाठी, ते म्हणाले नाहीत.

आमच्याकडे परीक्षाच विद्यापीठात होते.
बसमध्ये घालून देसीला नेतात, झडती घेतात,
मोबाइल नको, घड्याळ नको,
बाप्तिस्म्याचा काळा दोरा तेवढा गळ्यात राहू देतात.
म्हणजे चार रात्री मी विद्यापीठात झोपले आहे.
खिडकीपाशी, वरचा पलंग.
भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं:
'इथे थंडी फार. येताना ब्लँकेट आण.'
ते मी मलाच आलेलं पत्र समजले.
घरी आल्यावर आईला सांगितलंही.

गॅब्रिएलकडे मागायचं काम आईचं.
पोरगी डॉक्टरकीला लागू दे,
तुला मखमलीची छत्री वाहीन, सोनेरी गोंड्यांची.
नुसतं बोलून थांबली नाही,
वोंदिमु शिंप्याला आगाऊ पैसे देऊन आली.
याला श्रद्धा म्हणावं की घाई,
मला अजून ठरवता येत नाही.

शेजारीण आली, कॉफी प्यायली, म्हणाली,
त्याने तुझ्यासाठी याहून चांगलं ठेवलं असेल.
कुठे ठेवलंय?
सोस्ना उपासाच्या दिवशी गुपचूप अंडं खायची,
मला अर्धं द्यायची, मी नको म्हणायचे.
तिला तीनशे चौऱ्याऐंशी.
त्या सगळ्या अर्ध्या अंड्यांचा हिशेब
मी रात्रभर करत बसले.

मग आईवर ओरडले.
नवस फळला नाही, तर फेडायचा कसला?
त्याने त्याचं केलं नाही, आपण आपलं का करायचं?
आई म्हणाली, कापड कापून झालंय.
आता ती छत्री कुणाच्या गळ्यात मारू?

एवढंच. पुढे काही बोलेल म्हणून मी थांबले होते.
ती मीठ निवडायला बसली.

मजुरी वाचावी म्हणून गोंडे घरीच लावायचे ठरले,
आणि सुई आली माझ्या हातात.
सात संध्याकाळ मी देवाशी भांडत टाके घातले.
शेवटी तीन गोंड्यांची जागा तशीच सोडली.
मुद्दाम सोडली की दोरा संपला होता,
हे आता खात्रीने सांगता येत नाही.

तहसासची एकोणीस. उजाडायच्या आधी,
पांढऱ्या शाली, धुकं, ढोल.
डोक्यावर ताबोत घेऊन पुजारी बाहेर आले
आणि बायकांनी जिभा हलवून जो कल्लोळ केला
त्यात आईचा आवाज सगळ्यात वर.
कशाचा आनंद झाला होता तिला?
मी हात जोडले नाहीत.
पण पाय तिथून निघाले नाहीत, हेही खरं.

छत्र्या किती होत्या! लाल, हिरव्या, जांभळ्या,
लोकांचे फळलेले नवस, एकीला एक खेटून.
त्यांतली आमची कुठली, आईला कळेना,
टाचा उंचावून ती शोधत राहिली.
मला लगेच दिसली.
झालरीत एक फट होती,
तिच्यातून धुक्याचा तुकडा पुढे पुढे चालला होता.
ती बघ, मी म्हटलं. निळी. तिसऱ्या रांगेत.

तीन गोंडे माझ्या कंपासपेटीत आहेत.
आईने त्यांचं काही विचारलेलं नाही.
काल बाजारात मात्र,
मिरचीपूड मोजून देता देता,
समोरच्या दुकानदाराला तिने
ब्लँकेटचा भाव विचारला.